गाडीचे यकृत आणि तो पिवळा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी मात्र नेहमीसारखीच चालते. आवाज नाही, धूर नाही, पिकअपही ठीक. अशा वेळी बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. काही जण दुर्लक्ष करतात. काही जण गॅरेजमध्ये जाऊन दिवा तेवढा घालवून घेतात. आणि काहींना गॅरेजवाला सांगतो, ‘‘तुमचा कॅट गेलाय. नवीन टाकायचा तर फार महाग पडेल. त्यापेक्षा काढून टाकतो आणि पाइप जोडून देतो. गाडीही मोकळी पळेल.’’

आरोग्याच्या सदरात गॅरेजची गोष्ट कशाला, असे वाटेल. पण हा ‘कॅट’ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघालेला विषारी वायू आपल्या, आपल्या मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या छातीत जाण्यापूर्वी निर्विष करणारा भाग. तो नीट काम करत नाही, असा संशय गाडीच्या संगणकाला आला की तो एक क्रमांक नोंदवतो : पी ०४२०. या क्रमांकाचे निदान कसे करायचे, हे समजून घेणे खिशासाठी जितके महत्त्वाचे, तितकेच फुप्फुसासाठीही.

पनवेलकरांना वाहनांच्या धुराविषयी वेगळे सांगायला नको. कळंबोलीपाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग कोकणात उतरतो, जेएनपीटीचे कंटेनर आणि तळोजा एमआयडीसीचे ट्रक दिवसरात्र चालू असतात. त्यामुळे ‘प्रदूषण’ म्हटले की आपले बोट ट्रककडे जाते आणि ते चुकीचेही नाही. पण ट्रकचा धूर डोळ्यांना दिसतो. आपल्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचा दिसत नाही. न दिसणारा म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

मधाच्या पोळ्यासारखी वीट

पेट्रोल पूर्णपणे जळले तर केवळ कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरावे. प्रत्यक्षात इंजिनात तसे होत नाही. काही इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काही जळतच नाही. ते हायड्रोकार्बनच्या रूपात बाहेर पडते, ज्यात बेंझिनसारखे कर्करोगकारक घटकही असतात. शिवाय प्रचंड उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ही ऑक्साइडे श्वासनलिकांना सूज आणतात, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढवतात आणि उन्हात ओझोन तयार व्हायला मदत करतात.

कन्व्हर्टर हा सायलेन्सरच्या पाइपात इंजिनाजवळ बसवलेला धातूचा डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची वीट असते. एका चौरस इंचात साधारण चारशे बारीक छिद्रे. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. सगळे मिळून वजन अवघे काही ग्रॅम. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन, ही तीन कामे एकाच वेळी होतात. म्हणून याला ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर म्हणतात. कार्बन डायऑक्साइड मात्र तो कमी करत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

डॉक्टरला हे सगळे ओळखीचे वाटते. आपले यकृतही असेच काम करते. रक्तातून आलेल्या विषारी पदार्थांचे विकरांच्या मदतीने कमी घातक पदार्थांत रूपांतर करते आणि विकर स्वतः त्यात खर्च होत नाहीत. उत्प्रेरकाचा, म्हणजेच कॅटॅलिस्टचा, हाच गुण. कन्व्हर्टरमधील धातू जळून संपत नाहीत. ते झाकले जातात, वितळतात किंवा विषबाधेने निकामी होतात. यकृताप्रमाणेच कन्व्हर्टरही सहसा स्वतःहून मरत नाही. त्याच्यापर्यंत नको ते पोहोचले की मरतो.

शिशाची जुनी गोष्ट

या यंत्रामागची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या हवेमुळे फ्रेंच अभियंते युजीन हूड्री यांनी १९५०च्या दशकात गाडीसाठी कन्व्हर्टर तयार केला. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसला की धातूंचे काम थांबे. म्हणून कन्व्हर्टर हवा असेल तर पेट्रोलमधून शिसे काढावे लागणार, हे उघड झाले. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून हे यंत्र सर्रास दिसू लागले.

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ मध्ये आणि त्याबरोबरच तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० सालापर्यंत देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक. मुंबईतील मुलांच्या रक्ताचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असलेली मुले सुमारे ३३ टक्के आढळली. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील पाहणीत हेच प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. गाडीतील एक डबा वाचवण्यासाठी इंधन स्वच्छ करावे लागले आणि त्याचा लाभ गाडी नसलेल्या घरांतील मुलांनाही झाला. सार्वजनिक आरोग्यात असे क्वचित घडते.

पुढे भारत स्टेजचे निकष कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाला. पेट्रोल गाडीला प्रति किलोमीटर नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा ६० मिलिग्रॅम ठरली आणि इंधनातील गंधक दहा लाखांत १० भागांवर आणले गेले. नव्या मॉडेलची ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एक, पुण्याची एआरएआय, आपल्या शेजारचीच. पण ही परीक्षा नव्या गाडीची असते. पुढची दहा-पंधरा वर्षे गाडी कशी वागते, हे पाहणारा पहारेकरी गाडीतच बसवलेला आहे. तोच हा पिवळा दिवा.

संगणकाला कळते कसे?

कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिनाला एक किलो पेट्रोलसाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. संगणक या प्रमाणाच्या किंचित वर-खाली सतत झुलत असतो. त्यामुळे पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान भराभर वर-खाली होते. कन्व्हर्टरच्या विटेवर सिरियम ऑक्साइडचाही थर असतो. जास्तीचा ऑक्सिजन आला की तो साठवून घेतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे निरोगी कन्व्हर्टरच्या मागे वायूचे प्रमाण स्थिर होते आणि मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत राहते.

मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला, की संगणक समजतो : ऑक्सिजन साठवण्याची ताकद गेली. सहसा लागोपाठ दोन प्रवासांत हेच आढळले, तर पी ०४२० नोंदवला जातो आणि दिवा लागतो. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत ही दुसऱ्या टप्प्याची स्वयंतपासणी सक्तीची आहे. त्याहून जुन्या गाडीत अशी तपासणी नसू शकते.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. संगणकाने कार्बन मोनॉक्साइड मोजलेला नाही, नायट्रोजन ऑक्साइड तर नाहीच. त्याने दोन सेन्सरांच्या रेषांवरून अनुमान काढले आहे. रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेले दिसले म्हणून कोणी यकृत बदलत नाही. आपण आधी विचारतो, कशामुळे वाढले? पी ०४२० हा असाच एक तपासणी अहवाल आहे. तो निदान नव्हे.

तपासणीचा क्रम

दवाखान्यात आपण आधी रुग्णाचे ऐकतो, मग तपासतो, मग स्वस्त चाचण्या करतो आणि शेवटी महागड्या. गाडीलाही हाच क्रम लावावा.

पहिली पायरी इतिहासाची. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावून सर्व क्रमांक वाचावेत, फक्त एक नव्हे. पी ०३०० ते पी ०३०४ या गटातील क्रमांक दिसले तर इंजिन मिसफायर करते आहे. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पी ०१७२ म्हणजे इंधन जास्त. सेन्सरच्या हीटरचे वेगळे क्रमांक असतात. यांपैकी काहीही सोबत असेल तर आधी त्याचा इलाज करावा. अनेकदा पी ०४२० हा त्यांचा परिणाम असतो. दोष नोंदवला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याचीही नोंद संगणकात राहते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय कुणालाही क्रमांक पुसू देऊ नयेत. पुसल्यावर ही नोंदही जाते. केसपेपर फाडून टाकून रुग्ण पुढच्या डॉक्टरकडे पाठवण्यासारखेच ते.

दुसरी पायरी डोळे, कान आणि नाकाची. थंड इंजिन चालू केल्यावर बोनेटखाली ‘फट् फट्’ असा बारीक आवाज येतो का? सांध्यांवर काळी काजळी दिसते का? इंजिन ऑइल दर महिन्याला भरावे लागते का? कूलंट कुठेही गळत नसताना कमी होते का? मागून सडक्या अंड्यासारखा वास येतो का? चढावर, म्हणजे खंडाळ्याचा घाट चढताना, गाडीचा दम तुटतो का? कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके टिचकले तर आत खुळखुळा वाजतो का? खुळखुळला तर वीट फुटली आहे, आणि मग फार चाचण्यांची गरज उरत नाही.

तिसरी पायरी सेन्सरच्या चालू नोंदींची. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून पूर्ण तापवावी, इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरावे आणि दोन्ही सेन्सरांच्या रेषा शेजारी शेजारी पाहाव्यात. मागची रेषा स्थिर असेल तर कन्व्हर्टर बहुधा बरा आहे. ती पुढच्या रेषेची नक्कल करत असेल तर संशय बळावतो. अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याची रेषा अशी नाचत नाही; तेथे मागच्या सेन्सरवरच लक्ष ठेवावे. संगणक इंधन किती कमी-जास्त करतो आहे, ती टक्केवारीही पाहावी. ती उणे-अधिक दहाच्या आत असणे ठीक. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, म्हणून ही टक्केवारी थोडी अधिककडे झुकलेली दिसू शकते. तेवढ्याने घाबरू नये.

चौथी पायरी गळतीची. कन्व्हर्टरच्या आधी किंवा मागच्या सेन्सरच्या जवळ एखादी भेग असेल तर तिथून केवळ धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवाही आत ओढली जाते. कारण इंजिनाचा धूर सलग नव्हे, धक्क्याधक्क्याने येतो. त्या हवेतील ऑक्सिजनमुळे सेन्सर फसतो. साबणाच्या पाण्याने अशी गळती सापडते.

आमच्या रुग्णालयातील एक सिस्टर खोपोलीहून रोज गाडीने येतात. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी, सात-आठ वर्षांची गाडी. दिवा लागला तेव्हा एका गॅरेजमध्ये त्यांना कन्व्हर्टर बदलण्याचा पाच आकडी खर्च सांगण्यात आला. ‘स्वस्तात हवे तर काढून टाकू’ हा पर्यायही आलाच. त्यांनी मला विचारले, मी त्यांना फक्त ‘दुसरे मत घ्या’ एवढेच सांगितले. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली, साबणाचे पाणी फवारले आणि पाच मिनिटांत म्हणाला, ‘‘मॅडम, कॅट बरा आहे. पाइपाच्या सांध्यातलं पॅकिंग जळलंय.’’ सेन्सर न बदलता, कन्व्हर्टर न बदलता, केवळ पॅकिंग आणि दोन बोल्ट यांवर काम भागले. त्यानंतर क्रमांक पुसून गाडी काही दिवस चालवली, संगणकाची स्वतःची तपासणी पूर्ण झाली, दिवा परत लागला नाही.

सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते. पण पॅकिंगच्या किमतीत सुटणारा प्रश्न आधी तपासायचा, हा नियम प्रत्येकाला लागू आहे. काही मॉडेलांत तर कंपनीनेच संगणकाच्या प्रणालीत दुरुस्ती केलेली असते. म्हणून अधिकृत सेवा केंद्रात ‘यासाठी सॉफ्टवेअर अपडेट आहे का?’ आणि ‘कन्व्हर्टर वॉरंटीत बसतो का?’ हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

कन्व्हर्टर कशाने मरतो?

सर्वांत मोठा शत्रू मिसफायर. स्पार्क प्लग झिजला किंवा कॉइल गेली की न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये पोहोचते आणि तिथे जळते. वीट इतकी तापते की धातूंचे कण एकमेकांत मिसळून निकामी होतात. आणखी तापली तर वीटच वितळून रस्ता बंद होतो. म्हणून दिव्याचे दोन प्रकार ओळखावेत. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे आत्ता, या क्षणी नुकसान होते आहे. वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे विशेष सांभाळावे. गॅस पेटवायला ठिणगी अधिक जोमदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो, पण गॅसवर मिसफायर करतो. बाहेरून बसवलेल्या किटचे ट्यूनिंग बिघडले असेल तर भर पडते.

दुसरा शत्रू तेल. पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल जळू लागले की त्यातील फॉस्फरस आणि जस्त विटेवर बसतात. हेड गॅसकेटमधून कूलंट जळू लागले तरी तेच. चुकीच्या सिलिकॉन सीलंटनेही सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांना विषबाधा होते. भेसळीचे इंधन हा आणखी एक शत्रू.

तिसरा शत्रू पाणी आणि आघात. पावसाळ्यात गाढी नदीच्या काठच्या भागांत रस्त्यावर पाणी साचते. चारशे-पाचशे अंशांवर तापलेला डबा गार पाण्यात बुडाला तर आतली वीट तडकू शकते. बेढब स्पीडब्रेकरवर पोट घासले तरी तेच होते. आणि पावसात बोनेटखाली आश्रयाला आलेले उंदीर सेन्सरची वायर कुरतडतात, हाही नेहमीचा अनुभव. दिवा लागला की वायरी आधी पाहाव्यात.

आणखी एक सूक्ष्म कारण आपल्या सवयींत आहे. कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंशांवर तापल्याशिवाय काम सुरू करत नाही. घर ते पनवेल स्टेशन एवढाच दीड-दोन किलोमीटरचा रोजचा फेरा असेल, तर तो नीट तापेपर्यंत आपण पोहोचलेलोही असतो. एका फेरीतील बहुतांश विषारी वायू पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. अशा छोट्या अंतरासाठी पायी जाणे हृदयासाठी आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसासाठी, दोघांसाठी उत्तम.

बदलायचाच असेल तर

गळती नाही, मिसफायर नाही, सेन्सर आणि त्यांच्या वायरी ठीक आहेत, इंधनाचे प्रमाण बरोबर आहे, तरीही मागची रेषा नाचते आहे, असे सिद्ध झाले की कन्व्हर्टर खरोखर गेला. मग तो बदलावाच. पण दोन अटी. एक, त्याला मारणारे मूळ कारण आधी दूर करावे. तेल पिणाऱ्या इंजिनावर नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे दारू न सोडणाऱ्याला नवे यकृत देणे. दोन, आपल्या मॉडेलसाठी मान्य असलेलाच भाग घ्यावा. स्वस्त, नकली डब्यात धातूंचा थर इतका पातळ असू शकतो की काही महिन्यांत तोच क्रमांक परत येतो. टाकीत ओतायची ‘कॅट क्लीनर’ नावाची औषधे हलकी काजळी फार तर साफ करतील. वितळलेली वीट किंवा फॉस्फरसचा थर त्यांनी बरा होत नाही.

आता ‘काढून टाकतो’ या सल्ल्याविषयी. आतली वीट फोडून रिकामा डबा जोडणे, किंवा मागचा सेन्सर एका नळीत उभा करून त्याला धुरापासून लांब ठेवणे, म्हणजे दिव्याला फसवणे. दिवा विझतो, विष चालू राहते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे बदल करण्यास मनाई करते. मोठ्या आवाजासाठी बुलेटचा मूळ सायलेन्सर बदलणाऱ्या तरुणांनीही हे लक्षात घ्यावे. पोलीस असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात ते आवाजासाठी. पण ज्या मोटारसायकलींत मूळ सायलेन्सरमध्येच कन्व्हर्टर असतो, तिथे आवाजाबरोबर विषही मोकळे सुटते.

काढलेल्या कन्व्हर्टरचे पुढे काय होते, हाही प्रश्न विचारावा. त्यातील मौल्यवान धातूंमुळे त्याला भंगारात चांगला भाव येतो. पुणे जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या या ‘माती’साठीच. तुमचा जुना भाग परत मागा. तुमच्या खर्चाने कुणाचा दुहेरी फायदा होऊ नये.

पीयूसी आहे ना, मग?

पीयूसी प्रमाणपत्र आवश्यकच आहे. पण त्याच्या मर्यादा समजून घ्याव्यात. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडे मोजत नाहीत. तीही उभ्या गाडीची, त्या दिवसाची नोंद. दिवा लागलेला असूनही पीयूसी पास होणे शक्य आहे.

याचे एक उदाहरण आमच्या क्षेत्रात आहे. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत फसतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पण बोटावरच्या यंत्राला दोन्हींचा रंग सारखाच भासतो. रुग्ण गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ झळकत असते. खरे निदान विशेष रक्ततपासणीनेच होते. ज्या यंत्राने जे मोजलेच नाही, त्याची हमी त्या यंत्राकडून मागू नये, एवढाच याचा धडा.

बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला मंद गतीवर ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. ०.३ टक्के म्हणजे दहा लाखांत ३,००० भाग. एवढे प्रमाण बंद खोलीत साचले तर अर्ध्या तासाच्या आसपास माणूस दगावू शकतो. म्हणजे पीयूसी पास झालेली गाडीही बंद गॅरेजमध्ये चालू ठेवण्याच्या लायकीची नसते. कन्व्हर्टर मेलेली तर मुळीच नाही. बंद शटरमागे इंजिन चालू ठेवू नये. उभ्या गाडीत एसी लावून काचा बंद करून झोपू नये, मुलांना झोपवून तर मुळीच जाऊ नये. सायलेन्सरला गळती असेल तर हा धोका गाडीच्या आतच येतो.

प्रवासात गाडीतील सर्वांचेच डोके एकदम दुखू लागले, मळमळले, गरगरले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटू लागले, तर ते ‘गाडी लागणे’ समजू नका. सर्वांना बाहेर काढा, शुद्ध हरपत असेल तर १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा की आम्ही गाडीत होतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात तेच काम होते. म्हणून पहिला उपचार ऑक्सिजनच आणि बोटावरचा आकडा चांगला दिसला तरी तो द्यायचा असतो. गॅस गिझरच्या न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या रुग्णालाही हेच लागू.

दिवा लागल्यावर काय करावे, ते थोडक्यात. लुकलुकत असेल तर थांबा. स्थिर असेल तर येत्या आठवड्यात दाखवा. सर्व क्रमांक लिहून घ्या, मग पुसा. प्लग, गळती, वायरी आणि तेल आधी पाहा. मोठा खर्च सांगितला तर दोन सेन्सरांच्या रेषा दाखवायला सांगा आणि दुसरे मत घ्या. दुरुस्तीनंतर संगणकाची तपासणी पूर्ण होईपर्यंत गाडी चालवून खात्री करा. आणि ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या गाडीमागे दुचाकीवर आईच्या पुढ्यात उभ्या असलेल्या मुलाचे नाक बरोबर तुमच्या धुराच्या उंचीवर असते. त्याला तुमच्या डॅशबोर्डवरचा दिवा दिसत नाही.